मी न वाचलेल्या ओळी

म्हसावदच्या स्टँडवर शहाद्याची गाडी लागली, तेव्हा मोठ्या काकांनी सगळ्यांत आधी हर्षलला उचलून आत नेलं आणि खिडकीची जागा धरून दिली. मग पत्र्याची पेटी चढली, मग गादीची वळकटी, मग गॅसची शेगडी, मग माय आणि अण्णा. मी सगळ्यांत शेवटी चढले. तोवर गाडी भरली होती. शहाद्यापर्यंत मी पेटीवर बसून गेले. माझ्या डोळ्यांसमोर खिडकी नव्हती, कुणाचं तरी धोतर होतं.

जयश्री आणि आमच्या सातवीच्या वर्गातल्या तीन-चार मुली निरोप द्यायला आल्या होत्या. त्यांना मी दिसत नव्हते, हर्षल दिसत होता. म्हणून त्या त्यालाच हात करत होत्या. तो त्यांच्याकडे पाहतही नव्हता. तो इंजिनाचा आवाज ऐकत होता.

शाळेच्या खो-खो संघाची मी कॅप्टन होते. तालुक्याचे सामने अकरा दिवसांवर आले होते. मी गेल्यावर कॅप्टन जयश्री झाली. जयू, तुला हे कधी सांगितलं नाही. शहाद्याला तुम्ही दुसऱ्या आलात असं अण्णांच्या फोनवर काका बोलले, तेव्हा मला आनंद झाला. तुम्ही पहिल्या आला नाहीत याचा. तू हे वाचशील तेव्हा तुझ्या मांडीवर तुझी मुलगी असेल आणि तुला हसू येईल. पण मी कसल्या स्वभावाची पोरगी होते हे आधी कळलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच स्वभावातून झालं आहे.

माझा भाऊ हर्षल तेव्हा सहा वर्षांचा होता. मी बारा. तो बोलत नव्हता. तिसरं वर्ष सरलं तेव्हा सगळे म्हणाले, बाप उशिरा बोलला, पोरगंही बोलेल. चौथं सरलं तेव्हा म्हणणं कमी झालं. पाचव्या वर्षी त्याला गावच्या शाळेत बसवलं. गुरुजी भले होते, पण हर्षल वर्गातून उठून सरळ आमच्या वावराचा रस्ता धरायचा आणि मग मला माझ्या वर्गातून उठवून त्याच्या मागे धाडलं जायचं. तो कुठे सापडेल हे मला ठाऊक असायचं. पपईच्या कडेला विहीर, विहिरीवर मोटर. मोटर चालू असली की तो तिच्या शेजारी डोळे मिटून उभा असायचा. त्याचा चेहरा असा व्हायचा की घरात कुणाकडे पाहून तसा कधी झाला नाही. माझं गणित बुडायचं, आणि मायचा पहिला प्रश्न असायचा, त्याच्या पायाला काटा तर नाही ना रुतला?

नंदुरबारला डॉक्टरांनी त्याला तीनदा पाहिलं आणि ऑटिझम सांगितलं. मराठीत स्वमग्नता, असंही म्हणाले. नाशिकला अशा मुलांची शाळा आहे, वर्षं घालवू नका. मायला तो शब्द नीट म्हणता येत नव्हता. ती ‘आटिजन’ म्हणायची. त्या शब्दासाठी आमचं घर हललं. वावर मोठ्या काकांकडे राहिलं. अण्णांनी गावच्याच एकाच्या ओळखीने नाशकात सातपूरला कंपनीत काम धरलं. हर्षलला त्या शाळेत जागा मिळाली ती ऐन श्रावणात. त्यामुळे माझी सातवी मध्येच तुटली, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

सातपूरला दोन खोल्या होत्या. माझ्या नव्या वर्गात साठ-बासष्ट पोरं. पहिल्याच दिवशी बाईंनी नाव विचारलं आणि मी उभी राहून म्हणाले, “मन्हं नाव रूपाली शे.” वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट हेतूने नाही. त्यानंतर महिनाभर पोरं मला ‘शेशे’ म्हणायची. मी पंधरा दिवसांत जिभेवरून ‘शे’ काढून टाकलं. घरातसुद्धा. माय अहिराणीत विचारायची आणि मी वर्गातल्या मराठीत उत्तर द्यायची. मायला वाटायचं, पोरगी हुशार झाली.

हर्षलच्या वर्गात सात मुलं होती. सात मुलांना दोन मॅडम आणि एक मावशी. तो रडला की कुणीतरी खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन बोलायचं. हे मी पहिल्या दिवशी दारातून पाहिलं. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर बसून माझ्याशी कोण बोललं होतं? मला आठवेना.

आणि त्याला वही होती.

खाकी कव्हरची दोनशे पानी वही. नीलिमा मॅडम त्याच्या वर्गाच्या. त्यांनी मायला समजावून सांगितलं होतं, की हर्षल स्वतः काही सांगत नाही, तर आपणच एकमेकींना सांगायचं. शाळेत काय झालं ते मी लिहीन, घरी काय झालं ते तुम्ही लिहा. झोप लागली का, काय खाल्लं, कशाला घाबरला, कशाला हसला. वही रोज दप्तरातून येईल, रोज जाईल. मायने मान डोलावली. ती तिसरीपर्यंत गेली होती आणि नंतर वीस वर्षं पपई, कापूस आणि चूल यांत अक्षरं विसरून गेली होती. सही करता यायची, तेवढीच. मॅडमसमोर ती हे बोलली नाही. अण्णांची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. मग घरात वाचणारी उरले मी.

शाळेतून आले की दप्तर खाली ठेवायच्या आत मायचा आवाज यायचा, “काय लिखेल शे?”

मी वाचायची. ती हातातलं काम थांबवायची. पीठ हाताला तसंच. आज हर्षलने मण्यांची माळ अर्धी ओवली. आज डब्यातली भेंडी खाल्ली नाही, पोळी खाल्ली. आज त्याने दोन वेळा माझ्याकडे पाहिलं. माय म्हणायची, “आखो एक डाव वाच.” मी परत वाचायची. तिचे ओठ माझ्याबरोबर हलायचे, जसं काही ते शब्द तिला पाठ करून जपून ठेवायचे होते. मग ती काय लिहायचं ते सांगायची, मी लिहायची, आणि ती पुन्हा पिठाकडे वळायची.

“तुन्ही शायामा काय व्हयनं?” माझ्या शाळेचं हे तिने कधी विचारलं नाही असं म्हणणं खोटं होईल. विचारायची. पण वही मिटल्यावर, हात पुन्हा चालू झाल्यावर, आणि उत्तराच्या आत कुकरची शिट्टी व्हायची.

माझीही एक शाळेची डायरी होती. तिच्यात तीन महिन्यांत दोन शेरे होते. गृहपाठ अपूर्ण. निळ्या रिबिनी नाहीत.

पहिल्यांदा मी एक ओळ गाळली, ती काही ठरवून नाही. मॅडमनी लिहिलं होतं, ‘आज हर्षल खूप गोड हसला, आम्ही सगळे त्याच्याकडे पाहतच राहिलो.’ माझा त्या दिवशी वर्गात पाय मुरगळला होता आणि कुणी पाहिलं नव्हतं. मी ती ओळ सोडून पुढची वाचली. काहीच झालं नाही. मायला कळायचा मार्गच नव्हता. मला आतून गार वाटलं, आणि नंतर थोडी भीती वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी दोन ओळी गाळल्या.

आठवडाभरात मी नुसतं गाळत नव्हते, घालतही होते. ‘आज हर्षलने एका मुलीचा हात चावला.’ वहीत असं काही नव्हतं. मायचा चेहरा पडला. तिने हर्षलला जवळ ओढून त्याच्या तोंडावर हलकी चापट मारली, आणि त्याला ती कशासाठी हे कळलं नाही. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. त्या दिवशी मायने मला जवळ बसवून माझ्या केसांना तेल लावलं. “तू तं मन्ही शहाणी आंडेर,” म्हणाली. आंडेर म्हणजे मुलगी. ती चापट आणि ते तेल मी एकाच दिवसात कमावलं होतं.

मॅडमनी एकदा वहीत एक पान भरून प्रश्न लिहिले. हर्षलला घरी सर्वांत जास्त काय आवडतं? तो अस्वस्थ झाला की तुम्ही काय करता? हे मी मायला वाचून दाखवलं, कारण उत्तर द्यायचंच होतं. माय खुलली. ती भिंतीला टेकून बसली आणि असं बोलायला लागली जसं तिला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. वावरातली मोटर. मोटर चालू झाली की तो गप्प कसा होतो. तो रडायला लागला की मी त्याच्या पाठीवर हात ठेवून मोटरीसारखा ‘हूं’ असा आवाज काढते, मग त्याचं अंग सैल पडतं. “लिख, सम्दं लिख,” म्हणाली. मी पेन चालवत होते. वहीत मी लिहिलं, ‘त्याला विशेष काही आवडत नाही. घरी तो रडत नाही.’

असं का केलं, याचं मला आजवर एकच उत्तर सापडलं आहे. मोटरीजवळचा त्याचा तो चेहरा फक्त मीच रोज पाहिला होता. काटेरी बांधावरून धावत जाऊन, गणित बुडवून मी तो मिळवला होता. तो त्या गोऱ्या, सुती साडीच्या मॅडमना फुकटात द्यायचा? एवढं कळण्याइतकी मी मोठी होते. पण त्या एका खोट्या ओळीने हर्षलचं काय होईल, हे कळण्याइतकी नव्हते.

नंतर पंधरा दिवसांनी वहीत हे आलं. मला ते अजून शब्द न् शब्द आठवतं. ‘दोन-तीन दिवस हर्षल दुपारी बाराच्या सुमारास एकदम उठतो, माझा हात धरून मागच्या खिडकीकडे ओढतो आणि “दख, दख” म्हणतो. कुठे दुखत असेल का? पोट, कान? तुमच्या घरी असा काही शब्द आहे का? कृपया लगेच कळवावे.’

मी ते दप्तरावर बसून मनात वाचलं. आतल्या खोलीत माय पोळ्या लाटत होती.

दख. आपल्याकडे कोण म्हणत नाही हा शब्द? दख म्हणजे बघ. जो पोरगा सहा वर्षं कुणाला बोट दाखवून काही दाखवत नव्हता, तो एका बाईचा हात धरून म्हणत होता, बघ. त्याचा पहिला शब्द. आणि तो मायला नाही, मला नाही, नीलिमा मॅडमना. वर तो नेमका त्या भाषेत, जी माझ्या तोंडून निघाली तर वर्ग हसतो. त्याच्या तोंडून निघाली तेव्हा लगेच कळवावे.

“काय लिखेल शे?” मायने आतून विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “डबा सगळा खाल्ला.”

आणि वहीत लिहिलं, ‘नाही. असा शब्द आमच्याकडे नाही.’

त्या एका ओळीनंतर काय झालं ते मला वहीतच वाचायला मिळत गेलं, रोज एक पान. मॅडमना वाटलं, त्याला दुखतंय. शाळेने डॉक्टर बोलावून त्याचे कान तपासले, कानात काही निघालं नाही. मग त्यांना वाटलं, मागच्या बाजूला काहीतरी आहे ज्याचा त्याला त्रास होतो. त्यांनी ती खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली. तो खिडकीवर हात आपटू लागला. मग बारा वाजता त्याला पुढच्या खोलीत नेऊन बसवू लागले. तिथे तो रडायचा आणि स्वतःचा मनगटाजवळचा हात चावायचा. मायला चाव्याचे व्रण दिसले. तिने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, दुसऱ्या मुलाने चावलं. मायने त्या अनोळखी मुलाच्या आईला शिव्या दिल्या. घरी तो मोटरीसारखा ‘हूं’ ऐकून शांत व्हायचा आणि शाळेत कुणाला तो आवाज माहीत नव्हता.

मॅडमनी तीनदा लिहिलं, कृपया भेटायला या. तीनदा मी ते वाचलं नाही. एव्हाना मला थांबायचं होतं. पण थांबायचं म्हणजे मागचं सगळं सांगायचं, आणि त्यापेक्षा पुढचं एक खोटं सोपं वाटायचं.

एका शनिवारी दुपारी हर्षलला सोडणाऱ्या व्हॅनमधून मॅडम स्वतःच उतरल्या. माय गोंधळली. पदर नीट करत तिने खुर्ची पुसली. मी दाराच्या कोपऱ्यात होते.

“ताई, मी तीनदा बोलावलं. तुम्ही आला नाहीत,” मॅडम म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. थकल्या होत्या.

मायने शहरातलं मराठी बोलायचा प्रयत्न केला. “बोलावलं? आम्हाले तर माहीत नाही, मॅडम. वहीत तसं काही नव्हतं.”

मॅडमनी हर्षलच्या दप्तरातून वही काढली, पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. माय पानाकडे बघत राहिली. बघता बघता तिचं तोंड लाल झालं. मॅडमना तेव्हा कळलं. त्यांनी वही हळूच परत स्वतःकडे घेतली आणि काही न विचारता वाचायला लागल्या. मागच्या अडीच महिन्यांचं, एकेक पान. हसला त्या दिवसाचं. माळ पूर्ण ओवली त्या दिवसाचं. मायचे ओठ हलायला लागले. मग ते पान आलं.

“दख?” माय मध्येच म्हणाली. “काय म्हनला तो?”

“दख, दख. म्हणजे दुखतंय का, म्हणून मी...”

“दख म्हंजे पाहा, मॅडम.” माय शहरातलं मराठी विसरली. “आम्ही म्हनतस ना, दख, ते दख. तो तुम्हाले दखाडी ऱ्हायंता. कोठे वढत व्हता तो तुम्हाले?”

“मागच्या खिडकीकडे. पण तिथे काही नाही हो.” मॅडम आठवत होत्या. “बोअरिंगची मोटर आहे. बारा वाजता टाकी भरायला चालू करतात, तेवढंच.”

माय खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर. हर्षल तिच्या मांडीवर येऊन बसला, कारण ती खाली बसली की तो नेहमी तसंच करायचा.

मग मॅडमनी वहीतलं माझं अक्षर बोटाने दाखवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “हे तू लिहितेस? किती वर्षांची आहेस तू?”

“बारा,” मी म्हणाले.

“बारा,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं. मी आईला आधी विचारायला हवं होतं.”

त्यांनी मला रागवावं असं मला तळमळून वाटत होतं. पण त्या पुन्हा हर्षलकडे वळल्या. त्या क्षणीही मला पहिलं वाटलं ते हेच, बघा, माझ्या गुन्ह्यातसुद्धा त्यालाच बघतात.

त्या गेल्यावर माय म्हणाली, “तुले मालूम व्हतं?”

“हो.”

तिने मला मारलं नाही. एवढंच म्हणाली, “मी अडानी शे. तू तं शिकेल शे ना?”

अण्णांना तिने सांगितलं. त्यांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि पाचव्या दिवशी माझ्यासाठी निळ्या रिबिनी आणल्या. त्या चार दिवसांपेक्षा त्या रिबिनींनी मला जास्त रडवलं.

वाचायचं काम माझ्याकडून गेलं. मॅडमनी हर्षलसाठी केलेले अक्षरांचे मोठे पुठ्ठे मायनेही मागून घेतले. ‘क’ला केळी, ‘म’ला मका. दुपारी ती शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायची आणि हर्षलच्या वर्गात हर्षलबरोबर शिकायची. पाच महिन्यांत ती वाचू लागली. तिने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलेलं पहिलं वाक्य असं होतं, ‘हर्शल आज दोन पोया खाद्या.’ नीलिमा मॅडमनी त्यावर लाल पेनाने काही दुरुस्त केलं नाही. खाली लिहिलं, ‘छान. आज शाळेत बी खाद्या.’ त्यानंतर वर्षानुवर्षं त्या दोघी एकमेकींना त्या वहीत लिहीत राहिल्या, अर्धं मराठी, अर्धं अहिराणी, आणि मध्ये मध्ये हसू. माझी त्यात काही जागा नव्हती. मी एकदा चोरून वाचायला गेले, तर माय म्हणाली, “ते तुन्हं नही.” बरोबरच होतं.

खिडकी उघडली गेली. बारा वाजता मॅडम आणि हर्षल मागे जाऊन मोटरीपाशी उभे राहायचे. मॅडम त्याला म्हणायच्या, दख. वर्गातली बाकीची सहा मुलंही तो शब्द ऐकू लागली. पण हर्षल काही तो म्हणेना. एक वर्ष गेलं, दुसरं जवळजवळ सरलं. मॅडम म्हणायच्या, येईल, घाई नाही. माय म्हणायची, येईल. मी हिशोब ठेवायची, दीड महिना तो म्हणत होता आणि कुणी पाहिलं नाही. मग त्याने का म्हणावं?

तो पुन्हा म्हणाला ते भाजीबाजारात, उसाच्या रसाचं यंत्र चालू होताना. मायचा पदर ओढून. मायने भर बाजारात पिशवी टाकून दिली आणि त्याच्याबरोबर यंत्राकडे पाहत बसली. रसवाल्याला वाटलं, बाईला चक्कर आली. मी तेव्हा शाळेत होते. मला ते ऐकून ठाऊक आहे. मला तो ‘दख’ असं आजपर्यंत म्हणालेला नाही.

आता मी पंचवीस वर्षांची आहे. पुण्यात हडपसरला नोकरी करते, तीन मुलींबरोबर राहते. माझं मराठी ऐकून कुणाला माझा जिल्हा ओळखता येत नाही. पूर्वी याचं मला बरं वाटायचं. ऑफिसातल्या एकीचा भाचा अशाच शाळेत जातो. त्याच्या शाळेचा पालकांचा ग्रुप आहे, रोज फोटो येतात, व्हिडिओ येतात, आई लगेच बदाम पाठवते. तिला विचारलं, घरी वाचून कोण दाखवतं? तिला प्रश्नच कळला नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर हर्षलची शाळा संपली. मागच्या उन्हाळ्यात माय, अण्णा आणि तो परत म्हसावदला गेले. जयू, तुम्ही तिथेच राहिलात, तुम्हाला वाटतं ते शहरातून परत आले. मला वाटतं, ते तिघं घरी गेले आणि मी नाशकातच कुठेतरी राहून गेले. हर्षलला पन्नासेक शब्द येतात, सगळे अहिराणीत. मायला लिहिता येतं, तेही अहिराणीत. ज्याला बोलता येत नव्हतं त्याच्याकडे गावची भाषा शाबूत आहे, आणि माझी जीभ आता मायला फोनवर ‘शे’ म्हणायला गेली तर नाटकात बोलल्यासारखं वाटतं. याचाही मला हेवा वाटतो. हा रोग बरा होत नाही. फक्त त्याची सवय होते.

या मे महिन्यात मी आठ दिवस गेले होते. वावरात पपईचा तोडा चालू होता. हर्षल शेडखाली बसून एकेक पपई वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतो. गाडीत भरायला. त्याची घडी इतकी नेमकी असते की व्यापारी मुद्दाम त्याचा माल मागतो असं मोठे काका सांगतात. मी त्याच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. गाळलेल्या ओळी, चावल्याचं खोटं, ‘असा शब्द नाही.’ अहिराणीत सांगायचा प्रयत्न केला. तो ऐकत होता की नाही, मला माहीत नाही. त्याने एक पपई गुंडाळली, दुसरी गुंडाळली. मग माझ्या मांडीवर एक कागद ठेवला, कारण मी रिकामी बसले होते. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. राग नाही, हेवा नाही. मी त्याच्यासारखी कधीच होऊ शकणार नाही, हे मला तिथे बसून नीट कळलं. मी संध्याकाळपर्यंत पपया गुंडाळल्या. माझ्या घड्या त्याने उकलून पुन्हा घातल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वीज कंपनीचा एक कागद आला. मोठ्या काकांचा चष्मा सापडेना, काकूंना वाचता येत नाही, माय भांडी आवरत होती. काकांनी कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “बराबर वाचजो हं, बेटा.”

काकूंनी काकांकडे डोळे वटारले. अण्णा सुपारी शोधायला लागले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि दर दिवाळीला मला त्याच ताटात त्यांनी वाढलं होतं.

सगळ्यांत आधी हसली ती माय. भांडी ठेवून, पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत. मग काकू. मग मी.

मी कागद वाचला. शेतीपंपांची वीज कोणत्या वारी किती वाजता असेल, एवढंच होतं. एक अक्षरही गाळलं नाही. वाचून झाल्यावर मायने हात पुसले, चष्मा लावला, कागद माझ्या हातातून घेतला आणि पहिल्या ओळीपासून स्वतः वाचून काढला, बोट ठेवून, सावकाश. मग मान डोलावली.

मला वाईट वाटलं नाही. घर म्हणजे मला आता एवढंच वाटतं: जिथे माझ्यावर पूर्ण विश्वास नाही, आणि तरीही आलेला कागद आधी माझ्याच हातात देतात.